अनवाणी राक्षस

१९७१ सालच्या मे महिन्याची सुरुवात. अमेरिकेत आर्कन्सॉ राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात फाउक नावाचं गाव आहे, तेव्हाची वस्ती जेमतेम पाचशे. गावाबाहेरच्या एका घरात नुकतंच नवं बिऱ्हाड आलं होतं. मध्यरात्रीच्या सुमारास घरातली बाई सोफ्यावर आडवी झाली होती. तेवढ्यात खिडकीतून एक केसाळ हात आत आला, पाठोपाठ दोन लालबुंद डोळे. बाई किंचाळली. घरातले पुरुष बंदुका आणि बॅटऱ्या घेऊन बाहेर धावले, अंधारात चार बार काढून झाले. सात फूट उंच, तीन फूट रुंद छाती, सर्वांगावर केस, असं त्या प्राण्याचं वर्णन त्यांनी नंतर केलं. गोळी नक्की लागली असं त्यांचं म्हणणं, पण रक्ताचा थेंब कुठे सापडला नाही. मग जरा शांत झाल्यावर घरधनी ओसरीवर आला, तर अंधारात कुणीतरी त्याला धरून आपटलं. तो सुटला तो थेट घरात. दार उघडण्यात वेळ गेला नाही, कारण दार त्यानं उघडलंच नाही. बंद दारातूनच तो आत आला.

या सगळ्या हकिगतीतला हा दाराचा भाग मला शंभर टक्के खरा वाटतो. माणूस थापा मारताना राक्षसाची उंची वाढवेल, स्वतःची फजिती वाढवणार नाही. पुढे टेक्सारकानाच्या इस्पितळात त्याच्या ओरखड्यांवर आणि बसलेल्या धक्क्यावर उपचार झाले, स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली आणि त्या कुटुंबानं घर सोडलं. आमच्याकडे असं झालं असतं तर घरमालकानं आधी डिपॉझिटातून दाराचे पैसे कापून घेतले असते. तिकडे काय झालं याची नोंद नाही.

एकदा एकाला दिसला की मग राक्षस सगळ्यांनाच दिसू लागतो. त्याच महिन्यात तिघांनी त्याला हायवे ७१ ओलांडताना पाहिलं. मग सोयाबीनच्या शेतात ठसे उमटले, तेही तीन बोटांचे. म्हातारी माणसं सांगू लागली, हा तर जुनाच, पूर्वी याला जोन्सव्हिलचा राक्षस म्हणायचे. आमच्या गावी एखाद्याला मुंजा दिसला की दुसऱ्या दिवशी पिंपळापाशी राहणारा प्रत्येक जण ‘मी बोललो नव्हतो, पण’ अशी सुरुवात करतो, तसंच हे. फरक इतकाच, की आमच्याकडे असली माणसं ओटीवर भेटतात आणि तिथे ती बातमीदाराला भेटली.

हे सारं मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे आमचे जावईबापू. लेक आणि जावई डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत असतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचं आयुष्य म्हणजे आठवडाभर खिडकीतून कुणाचं कुत्रं कुणी फिरवलं याची नोंद ठेवायची आणि शनिवारी गाडीत घालतील तिकडे जायचं. जावईबापू मूळचे पुण्याचे, त्यामुळे शनिवारसुद्धा त्यांना वाया गेलेला चालत नाही. म्हणाले, “बाबा, जवळच एक गंमत आहे.” अमेरिकेत जवळ म्हणजे तीन तास. आपण कुडाळहून निघालो तर तेवढ्यात गोवा ओलांडून कारवारच्या खाणावळीत जेवायला बसलेलो असू.

वाटेत टेक्सारकाना लागतं. हे शहर अर्धं टेक्सासमध्ये आणि अर्धं आर्कन्सॉत आहे, आणि त्यांचं पोस्ट ऑफिस बरोबर सीमारेषेवर उभं आहे. जावईबापूंनी आम्हा दोघांचे दोन राज्यांत दोन पाय ठेवलेले फोटो काढले. बेळगावात हे असं पोस्ट बांधायचं कुणाच्या मनात आलं असतं तर किती कागद वाचला असता, हा विचार मनात आला, पण तो विषय वेगळा.

तर गाडीत जावईबापूंनी वरची सगळी हकिगत रंगवून सांगितली. हात, डोळे, बार, दार. लेक मागे वळून वळून आमचे चेहरे बघत होती. आमची ही शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होती. हिचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं आरवली. गोष्ट संपल्यावर हिनं एकच विचारलं, “पण तेका व्हया तरी काय होता?”

जावईबापू गडबडले. त्याला हवं काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. बातमीदारानं नाही, शेरिफनं नाही. आमच्या कोकणात हा पहिला प्रश्न असतो. आमच्या भुताला कामधंदा असतो. मुंज्याची सोडमुंज राहिलेली असते. देवचाराला हद्दीवर रोट पोचलेला नसतो. हडळीचा सासरी छळ झालेला असतो आणि ते निदान अर्ध्या गावाला माहीत असतं. अगदी चकवा म्हटला तरी तो माणसाला रात्रभर फिरवून पहाटे त्याच्याच कुंपणापाशी आणून सोडतो, म्हणजे त्यातही एक नेटकेपणा आहे. आणि हा सात फुटी गडी नुसताच खिडकीतून हात घालतो! काही मागत नाही, कुणाचं नाव घेत नाही, कुणाच्या अंगात येत नाही. असा बेकार राक्षस हिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

आरवलीच्या माणसाला हे खटकणारच. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. नऊ फुटांहून उंच मूर्ती. मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा देवळात मान वर करून बघताना डोक्यावरची टोपी मागे पडली होती. हा देव रात्री गावाच्या हद्दीतून फेरी मारतो, राखण करतो अशी श्रद्धा. म्हणून नवस फेडायला लोक त्याला केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा. साध्या नव्हेत, त्याच्या मापाच्या. एकेक वहाण अशी की तिच्यात तान्हं मूल निजवता येईल. देवळात त्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि काही दिवसांनी झिजलेल्या दिसतात, असं गावकरी सांगतात. झिजणारच, देव रात्रभर चालतो. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, मला प्रत्येक गोष्टीचं व्हाउचर लागतं. पण त्या झिजलेल्या टाचा पाहिल्यावर मीही व्हाउचर मागितलं नाही. शिवाय सासरे शेजारी उभे होते.

आता फाउकवाल्यांनी काय केलं पाहा. बातमी छापून येताच शिकाऱ्यांच्या झुंडी आल्या. इतक्या बंदुका गावात शिरल्या की राक्षसाऐवजी माणूसच मारला जायचा, म्हणून शेरिफला काही काळ बंदुकांना मनाई करावी लागली. लिटल रॉकच्या एका रेडिओ केंद्रानं राक्षस आणून देणाऱ्याला बक्षीस लावलं, १,०९० डॉलर. हा आकडा आला कुठून? तर ते केंद्र १०९० किलोहर्ट्‌झवर लागायचं. आमच्या सिंधुदुर्गात १०३.६ मेगाहर्ट्‌झवर आकाशवाणी लागते; त्या हिशेबानं एकशेतीन रुपये साठ पैशांत भूत धरायला कोण गेलं असतं, गुरवसुद्धा हलला नसता.

मग प्राध्यापक आले. जवळच्या कॉलेजातल्या फ्रँक शॅम्बाख नावाच्या पुरातत्त्वज्ञानं ठसे पाहिले आणि सांगितलं, हे थोतांड असण्याची शक्यता नव्याण्णव टक्के. त्याचा मुद्दा बिनतोड होता. वानर घ्या, माणूस घ्या, साऱ्यांच्या पायाला बोटं पाच. हा तीन बोटांचा कोण? पण विद्वान माणसाची खोड अशी, की तो सरळ शंभर म्हणत नाही. उरलेला तो एक टक्का गावानं उचलला आणि पन्नासहून जास्त वर्षं पुरवला आहे.

पुरवला म्हणजे कसा, तर टेक्सारकानात जाहिरातींचा धंदा करणारा चार्ल्स पिअर्स नावाचा गृहस्थ होता, त्यानं उसनवारी करून या राक्षसावर सिनेमा काढला. ‘द लेजंड ऑफ बॉगी क्रीक’, १९७२. कलाकार कोण? गावचीच माणसं, कुणी स्वतःचंच काम केलं, कुणी शेजाऱ्याचं. खर्च अंदाजे १ लाख ६० हजार डॉलर आणि कमाई दोन कोटी डॉलरच्या वर. आमच्या दशावताराच्या मालकाला हा हिशेब सांगितला तर तो पेटाऱ्यावरच बसून राहील. सिनेमात एक गाणंही आहे, त्यात राक्षस कसा एकटा आहे, त्याला सोबत नाही, असं दुःख मांडलंय. म्हणजे त्याला काहीतरी कमी आहे हे त्यांच्याही लक्षात आलं होतं, उपाय तेवढा सुचला नाही.

जावईबापू गाडी चालवता चालवता इतर राज्यांतले उपाय सांगत होते. ऑरेगनमध्ये १९७४ साली जंगलात बिगफूट पकडायला लाकूड-लोखंडाचा भलाथोरला पिंजरा बांधला, त्यात अस्वलं सापडली, फक्त अस्वलं. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कमेनिया काउंटीनं १९६९ साली त्याला मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड लावला. ठराव पास झाला १ एप्रिलला. आणि मुळात ‘बिगफूट’ हे नाव ज्या ठशांमुळे १९५८ साली कॅलिफोर्नियात पडलं, ते तिथल्या रस्त्याच्या कंत्राटदारानं लाकडाची पावलं पायाला बांधून उठवले होते, असं तो २००२ मध्ये वारल्यावर त्याच्या घरच्यांनी सांगितलं, पावलंही दाखवली. यावर ही म्हणाली, “कंत्राटदार मा? मग रस्तो कधी केल्यान?”

फाउकला पोचलो. सपाट, दमट मुलूख, चिलटं आमच्यासारखीच. पेट्रोल, कोक आणि राक्षस अशा तिन्ही वस्तू ठेवणारं मॉन्स्टर मार्ट नावाचं दुकान आहे. तिथे दर्शनी बाजूलाच तो केसाळ गडी झळकतो. हिनं गाडीतून उतरून आधी त्याला खालून वर न्याहाळलं, मग वरून खाली, आणि नजर पायांशी थांबली.

“पायात काय नाय मा तेच्या!”

त्या सुरात कुठेही भीती नव्हती. थंडीत पोरगं बिनस्वेटरचं शाळेत पाठवणाऱ्या आईबद्दल बोलावं, तो सूर होता. एवढा देह, रात्रीअपरात्री पाणथळीतून हिंडायचं, आणि पायात वहाण नाही. ठसे उमटणार नाहीत तर काय होईल? आमच्या वेतोबाचा ठसा कधी कुणाला सापडला का? वहाणा घातल्यावर कशाला सापडेल! अर्ध्या अमेरिकेनं पन्नास वर्षं प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं, त्याऐवजी एक जोड शिवून दिला असता तर प्राध्यापकाचीही पायपीट वाचली असती.

मग हिनं पदर खोचला, हात जोडले आणि तिथेच, पेट्रोलच्या पंपापासून चार हातांवर, गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. “बा म्हाराजा, हय जो कोण असशीत तो, ह्या गावाची राखण कर, लोकांच्या खिडकेत हात घालू नको, तुका काय व्हया ता सपनात येऊन सांग...” गाऱ्हाण्याला हो म्हणणारा माणूस लागतो. मी फोटो काढण्यात गुंतल्याचं दाखवलं. लेक तर गाडीचं दार उघडून आत बसायच्या बेतात होती. हिनं जावयाकडे डोळे वटारले आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पुणेरी जावयाच्या तोंडून, जपून, सानुनासिक असा “होय महाराजा” उमटला.

गल्ल्यावरची बाई बाहेर आली होती. लठ्ठ, हसरी, साठीची. तिनं प्रार्थना आहे का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता “आमेन” म्हणून टाकलं. मी मनात म्हटलं, वरातीला माणसं जमली.

आत टी-शर्ट टांगले होते, छातीवर तीन बोटांचा ठसा. हिनं एक उतरवून काउंटरवर अंथरला आणि वीत टाकून माप घ्यायला लागली. एक वीत, वर चार बोटं.

“आई, काय करताय?” जावईबापू.

“आरवलीक सांगून बघतंय. बघ, अंगठो खंयच्या बोटाक ठेवूचो ता मात्र तू हिका विचारून घे.”

जावयानं विचारलं. गल्ल्यावरच्या बाईनं चष्मा लावला, ठसा दोनदा फिरवून पाहिला, आणि खूप विचार करून मधल्या बोटावर बोट ठेवलं.

“पण आई, हा ठसा शर्टावर बसावा म्हणून लहान करून छापलाय. या मापाच्या वहाणा त्याला लहान होतील.”

“मग चार बोटां वाढवून सांगूया,” ही टी-शर्टाची घडी घालत म्हणाली. “सैल झाल्यो तरी चलतीत. वाढत्या अंगाचो असलो तर?”