हुकमावरून

फर्मान काढायचा अधिकार एकेकाळी बादशहाचा होता. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ फौजेनिशी दिल्लीला गेले, तेव्हा कुठे चौथाई-सरदेशमुखी वसुलीच्या सनदा पदरात पडल्या. आता पुण्याच्या सदाशिव पेठेत दिल्लीचं काही अडत नाही. एक पत्रा, उरलासुरला ऑइलपेंट आणि दुपारची मोडलेली झोप, एवढ्या भांडवलावर पाटी रंगवून कोणीही बादशहा होतो.

‘फर्मान सोडणे’ म्हणजे हाती अधिकार असो-नसो, समोरच्याला दरडावून कामाला लावणं. गंमत क्रियापदात आहे. विनंती करतात, सल्ला देतात. फर्मान मात्र सोडतात, कुत्रं सोडावं तसं. सोडणारा गॅलरीत, चावा रस्त्यावरच्याला.

पुणेरी पाटीची कारागिरी पुढे सुरू होते. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ कोण सोडणार? कर्ता गायब! ‘मी हवा सोडीन’ लिहिलं तर उद्या कोणी बेल वाजवून ‘सोडा बघू’ म्हणायचा. ‘सोडण्यात येईल’ म्हटलं की खडकवासल्यातून पाणी सोडण्याच्या सरकारी निवेदनाचं वजन येतं. शिवाय खाली ‘हुकमावरून’. कोणाच्या? बादशहाच्या फर्मानावर निदान त्याच्या नावाचा तुघरा तरी असे. इथे हुकूम आहे, हाकीम नाही. वर सुरुवातीला ‘कृपया’ असतंच. धमकीलासुद्धा संस्कार हवेत.

म्हणून पुणेकर उद्धट असतात ही ओरड मला पटत नाही. उद्धट माणूस तोंडावर बोलतो. पाटीवाल्याला तोंडच दाखवायचं नसतं. प्रत्यक्ष गाठ पडली तर तोच मान खाजवत ‘पाच मिनिटं ना? लावा हो’ म्हणतो आणि आत जाऊन पाटीवरची अक्षरं आणखी जाड करतो.

मात्र असंच फर्मान दुसऱ्याने सोडलेलं चालत नाही. दुचाकीवर हेल्मेट घाला, असं १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. संसदेचा कायदा, म्हणजे हाकीम ठाऊक, शिक्काही आहे. तरी २०१९ च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी कारवाई सुरू करताच हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे, असा खुलासाही झाला. खुलासा करणाऱ्यांपैकी किती जणांच्या फाटकावर पाटी होती, एवढं मात्र पोलिसांनी तपासलं नाही.