जिथे धूर, तिथे सिलिंडर

डोंगरावर धूर दिसला की विस्तव असणारच. कारण जिथे धूर तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात. आणि विस्तवच नाही तिथे धूर कुठला, जसं तळ्यात. न्यायशास्त्राने शतकानुशतकं घोटलेलं हे उदाहरण. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त असल्याच अनुमानांचा कीस काढला आणि नव्यन्याय उभा केला. डोंगर, तळं, चूल हे त्याचं सगळं साहित्य तोरणमाळला एका नजरेत मिळतं.

पावसाळ्यात शहाद्याहून वर गेलो. यशवंत तलावावर पांढरे लोट पाहून गाडीतला एक जण ओरडला, “अरे, काहीतरी जळतंय!” धुकं होतं. वाफेला धूर समजून आग सिद्ध करणारे महाभाग जुन्या नैयायिकांनाही भेटले होते. त्यांनी ही चूक नोंदवून ठेवली आहे.

खरा धूर पुढे भेटला, एका घराच्या कौलांतून. आत चुलीत ओली लाकडं फुसफुसत होती आणि कोपऱ्यात सरकारी योजनेतलं सिलिंडर, त्यावर घडी घातलेली गोधडी.

“मावशी, गॅस असताना चूल?”

“टाकी आहे भाऊ. गॅस कुठे आहे?”

संपला विषय. कागद सांगतो, कनेक्शन दिलं तर धूर गेला. ‘जर-तर’चं विधान एकाच प्रसंगी खोटं ठरतं: ‘जर’ खरं आणि ‘तर’ खोटं. तो प्रसंग माझ्या डोळ्यांत चुरचुरत होता. (पंडित म्हणतील, व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे विस्तव’ हा नियम, आणि विधानांचं तर्कशास्त्र एक नव्हे. मान्य. पण धूर दोन्हींकडे सारखाच झोंबतो.)

विस्तव आहे म्हणून धूर असेलच, असं मात्र नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो; धुराला ओलं इंधन लागतं, हेही नैयायिकांनी बजावलंय. गॅसची निळी ज्योत हा आजचा लोखंडी गोळा. तो मावशींच्या घरी कनेक्शनबरोबर आला आणि पहिल्या टाकीबरोबर गेला.

यावर साहेबी उत्तर तयार असतं: “कनेक्शन तर आहे ना?” इथे इंग्लंडचा विल्यम ऑफ ओकम कामाला येतो. हाही चौदाव्या शतकातलाच. ‘हे आणि ते, दोन्ही आहे’ हा दावा पाडायला दोन्ही खोटं ठरवावं लागत नाही, एक पुरतं, हे त्याने साध्या शब्दांत मांडलं होतं. पुढे हा नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावावर लागला. हे गृहस्थ १८०६ साली जन्मले आपल्या मदुराईत! तेव्हा ‘कनेक्शन आणि गॅस दोन्ही आहे असं नाही’ म्हणजे ‘दोन्ही नाही’ नव्हे, एवढं मराठी तरी साहेबांना यायला हरकत नाही.

तोरणमाळला गोरखनाथाचं मंदिर आहे. त्याच नाथपरंपरेतल्या ज्ञानेश्वरांनी गणेशाच्या हातातला परशू म्हणजे तर्क, असं म्हटलंय. मावशींच्या दाराशी होती ती साधी कुऱ्हाड, सरपण फोडायची.

भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. निघताना गोधडी उचलून मी मावशींचं सिलिंडर एका हाताने सरकवून पाहिलं. सहज सरकलं.