वऱ्हाडातले किल्ले कसे पाहावेत : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अमरावती-अकोल्याकडचे किल्ले, वाडे आणि देवळं पाहायची असं तुम्ही ठरवलंत, त्याबद्दल अभिनंदन. पहिली सूचना अशी, की हा बेत कोणत्याही वऱ्हाडी माणसाला आधी सांगू नये. तो तुमच्या तब्येतीची चौकशी करील आणि म्हणेल, "आमच्याकडं काय हाय जी पाह्यासारखं? शेगावले जा, दर्शन घ्या, कचोरी खा, न् जा वापस." यात विनयाचा भाग शून्य. हे त्याचं प्रामाणिक मत असतं. त्याच्या गावच्या वेशीवर तीन-चारशे वर्षांचा बुरूज उभा असतो आणि त्या बुरुजाला त्याची मोटारसायकल टेकवलेली असते.

साहित्य : पाण्याच्या बाटल्या (वाटेल तितक्या घ्याव्यात, कमीच पडतात), डोक्याला बांधायला दुपट्टा, जाड तळाचे बूट, भाकर-ठेच्याची शिदोरी आणि 'पाटी कुठे आहे?' असं न विचारण्याची तयारी.

पायरी १ : ऋतू निवडा

मे महिन्यात जाऊ नये. अकोल्याचा पारा ४५च्या वर गेला की किल्ल्यावर चढणारे दोघंच, एक माकड आणि दुसरे तुम्ही. त्यातलं माकडही सावलीला बसतं. पावसाळ्यात चिखलदऱ्याला धुकं असं दाटतं की गाविलगडासमोर उभं राहूनही गाविलगड दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास हवा छान असते, पण गवत वाळून त्याची कुसळं मोज्यांत शिरतात आणि घरापर्यंत सोबत करतात. थंडीत जावं. थंडीत जायला जमलं नाही, तर थंडीची वाट पाहावी.

पायरी २ : आधी स्टेशन गाठा

मुंबईहून हावड्याकडे जाणारा मुख्य लोहमार्ग अमरावतीला टाळून बडनेऱ्यावरून जातो. बहुतेक गाड्या बडनेऱ्यालाच उतरवतात, तेव्हा ऐतिहासिक शहराचं पहिलं दर्शन ऑटोवाल्याशी भाड्याची घासाघीस करताना होतं. अकोला मात्र मुख्य मार्गावरच आहे. ही गोष्ट अकोलेकर तुम्हाला न विचारता सांगतील.

पायरी ३ : समोरचा किल्ला ओळखायला शिका

अमरावतीत हा सराव उत्तम होतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांपासून कापसाची पेठ वाचवायला शहराभोवती दगडी परकोट बांधला गेला. जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही त्याचीच दारं. पेंढारी आता येत नाहीत, पण संध्याकाळी सहा वाजता जवाहर गेटमधून दुचाकी काढून पाहा, म्हणजे अरुंद दरवाजात शत्रू कसा कोंडत असतील याची कल्पना येईल. मोठ्या दरवाजांखेरीज लहान दिंड्याही आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात. त्यातली एक खुनारी खिडकी. १८१८ साली तिथे झालेल्या दंग्यात शेकडो माणसं पडली, त्यावरून हे नाव पडलं. इतकं ऐकून मन जड झालं, तर जवळच गिला वडा मिळतो.

अकोल्याचा असदगड ओळखणं त्याहून अवघड. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा हा गड. त्याचा बराचसा तट इंग्रजांच्या काळातच उतरवला गेला, त्यामुळे बुरूज शोधून किल्ला मनात बांधून घ्यावा लागतो.

याउलट बाळापूर. मान आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर, औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केलेला आणि १७५७ साली अचलपूरच्या इस्माईलखानाने पुरा केलेला हा किल्ला चांगला ठणठणीत आहे. एकाच्या आत एक दरवाजे, उंच विटांचा तट, सगळं जागच्या जागी. कारण सोपं आहे. तहसील कचेरी बरीच वर्षं किल्ल्यातच होती. वऱ्हाडातला पुरातत्त्वशास्त्राचा नियम यावरून काढता येतो : ज्या वास्तूत सरकारी कचेरी बसते ती टिकते, आत फायलींचं काहीही होवो. गावाबाहेर, नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, तीही पाहावी. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणाऱ्या या सेनापतीचा पत्ता शाळेच्या पुस्तकात मिळतो. त्याच्या छत्रीचा पत्ता मात्र पानटपरीवरच विचारावा लागतो.

पायरी ४ : स्थानिक इतिहास ऐकताना मान डोलवा

पारावर बसलेल्या आजोबांना इतिहास विचारला, की तीन सिद्धान्त हमखास मिळतात.

पहिला, भुयाराचा. बाळापूरचं भुयार नरनाळ्याला निघतं, नरनाळ्याचं गाविलगडाला. दोन्ही टोकं कुणी पाहिलेली नाहीत, मात्र आजोबांच्या आजोबांनी एक शेळी आत सोडली होती. ती निघाली का, असं विचारू नये.

दुसरा, सोन्याच्या हंड्यांचा. हा सिद्धान्त ऐकायला गमतीचा आहे आणि परिणामाला वाईट. हंड्यांच्या आशेने खणलेले खड्डे तुम्हाला कित्येक जुन्या देवळांच्या गाभाऱ्यात दिसतील.

तिसरा, 'हे देऊळ हेमाडपंतानं बांधलं.' इथे बार्शीटाकळीला जावं. तिथल्या कालंकादेवीच्या देवळात शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६च्या सुमाराचा शिलालेख आहे. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांकडे करणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, झाला तो त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. तरी देऊळ हेमाडपंतीच. आजोबांना हे सांगून पाहा. ते म्हणतील, "मंग त्याच्या आज्यानं बांधलं असन." वाद तिथेच संपवावा.

पायरी ५ : गाविलगड जिंका

हा किल्ला घ्यायची अधिकृत पद्धत १८०३ साली ठरली. आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच, अडगावची लढाई जिंकून इथे आला. दक्षिणेकडचा कडा असा उभा आहे की तिकडून हल्ला करायचं नाव नको. म्हणून कर्नल स्टिव्हन्सनने जड तोफा डोंगरातून वाट काढत उत्तरेकडे आणल्या आणि बाहेरचा तट फोडला. १५ डिसेंबरला फौजा आत घुसल्या. आतल्या तटाला मात्र खिंडार नव्हतं. त्यावर कॅप्टन कॅम्पबेलचे सैनिक शिड्या लावून चढले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला.

आज तुम्हीही चिखलदऱ्याकडून, म्हणजे उत्तरेनेच येता. फरक एवढाच, की स्टिव्हन्सनला वाटेत कॉफी मिळाली नव्हती.

दरवाजापाशी मात्र घाई करू नये. सेल्फी काढून झाली, की मोबाइल खिशात घालून वर पाहावं. दगडात दोन तोंडांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. हत्तीसारखा हत्ती त्याच्या तावडीत सापडून लहानगा झाला आहे. हे चिन्ह विजयनगरच्या राजांचं. ते वऱ्हाडच्या सुलतानाच्या दारावर कसं आलं? बहमनी सरदार फतेहउल्ला इमादउल्मुल्क, ज्याने १४९०मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्थापली, तो फरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मण मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, सुभेदारीला चढला, राजा झाला. जन्मगावची खूण त्याने दारावर कोरली असावी, असं अभ्यासक मानतात. कोण कुठला, हा प्रश्न ज्यांना फार पडतो, त्यांनी या दाराखाली पाच मिनिटं उभं राहावं.

पायरी ६ : नरनाळ्याला वाघाची परवानगी घ्या

अकोटहून शहानूर गाठायचं आणि वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून वर जायचं. किल्ला आता मेळघाटच्या जंगलात आहे, म्हणजे किल्लेदार वाघ. पायी हिंडण्याबाबत नाक्यावरचा माणूस सांगेल ते ऐकावं. तो तुमच्या भल्याचंच सांगतो आणि शिवाय फॉर्म त्याच्याच हातात असतो.

महाकाळी दरवाजा हे नरनाळ्याचं वैभव. पांढरट वालुकाश्म, कमळाची फुलं, दोन्ही बाजूंना झरोके आणि वर सुरेख अरबी लिपीची ओळ. पंधराव्या शतकाच्या अखेरचं हे काम पाहून, 'वऱ्हाडात काय आहे पाहण्यासारखं' म्हणणाऱ्याला इथे आणून उभं करावंसं वाटतं. पुढे राणीमहाल, शक्कर तलाव आणि नऊगजी तोफ. तोफेवर बसून फोटो काढण्याची प्रथा आहे. ती मोडावी.

पायरी ७ : राजवाडा हवाच असेल तर

जयपूरसारखा राजवाडा मागू नये. इमादशाहीची राजधानी अचलपूर. तिथे गावाबाहेर हौजकटोरा आहे. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी, बहुमजली इमारत. राजघराणं उन्हाळ्याची दुपार इथे काढत असेल, हे अचलपूरचा उन्हाळा अनुभवल्यावर लगेच पटतं. तिकीट नाही, गाइड नाही, आइस्क्रीमही नाही. चौकशी करतच पोचावं लागतं.

पायरी ८ : देवळांत जा

दर्यापूरजवळ लासूरला पूर्णेच्या काठी आनंदेश्वराचं देऊळ आहे. खांबांच्या वर्तुळावरचं मधलं छत मोकळं, ऊन थेट फरशीवर उतरतं. खिद्रापूर पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल. हा खारपाणपट्टा आहे, तेव्हा बाटलीतलं पाणी जपून प्यावं.

अमरावतीच्या अंबादेवीला रुक्मिणीहरणाची कथा ऐकायला मिळते, ती ऐकावी. सोबत आणखी एक तारीख लक्षात ठेवावी, ती कुठल्या आरतीत येत नाही. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, ती याच मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. किल्ल्यांचे दरवाजे तोफांनी फुटले. हे दार उघडायला माणसांना सभा भरवाव्या लागल्या आणि सत्याग्रहाची तयारी करावी लागली.

पायरी ९ : स्वतःचं नाव कोरू नका

फतेहउल्लाने दगडात खूण कोरली तेव्हा त्याच्याजवळ अख्खा सुभा होता. तुमच्याजवळ किल्ली आहे आणि सोबत कुणासाठी तरी 'आय लव्ह यू' आहे. तेवढ्याने शिलालेख होत नाही.

आता शेवटची सूचना, आणि ती गमतीची नाही. परकोटाचा एखादा तुकडा कोसळला की तो बातमीत येतो, बांधला जाताना सहसा येत नाही. या वास्तूंना सर्वांत जास्त गरज आहे ती पाहणाऱ्यांची. कारण जिथे कुणी फिरकत नाही, तिथला दगड कुणाच्या तरी घराच्या पायात जातो. म्हणून लोणावळ्याचा बेत एक वर्ष पुढे ढकला आणि या हिवाळ्यात वऱ्हाडात या. वऱ्हाडी माणसांनी तर यंदाच जावं. त्यांना बडनेऱ्याला उतरायचीही गरज नाही.