फी घेऊन पाल दाखवतात!

"काकू, ऐकलंत का? वरच्या वाडीतल्या सुनेला रत्नागिरीला नेली म्हणे."

"नेली नाही ग, आपल्या पायांनी गेली. एस.टी.त बसून. आणि तुझ्या मनात आहे त्या रत्नागिरीला नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? आपल्याकडे कुणी रत्नागिरीला गेलं म्हटलं, की लोकांना आधी मनोरुग्णालय आठवतं. इंग्रजांच्या काळापासूनचं आहे ते, पण त्याच्यापलीकडेही गाव आहे की! ती खासगी दवाखान्यातल्या मानसशास्त्राच्या बाईंकडे जाते. पालीच्या भीतीसाठी."

"पालीच्या? अगबाई! किळस तर मलाही येते. म्हणून कोणी डॉक्टर गाठतं?"

"तुला किळस येते, तू शीः म्हणतेस आणि कामाला लागतेस. तिची दिवेलागणच बंद झाली होती. ट्यूब लागली की भिंतीवर पाली येणार, म्हणून अंधार पडल्यावर न्हाणीत पाऊल नाही. स्वयंपाकघरात आधी नवऱ्याने जायचं, फळीमागे, कपाटामागे, कॅलेंडरामागे बघायचं, 'नाही ग, ये' म्हणायचं, मग ही आत. मागे एकदा पोराला रात्री ताप चढला, औषधाची बाटली समोरच्या फळीवर, आणि ही दारात उभी. नवरा पंप बंद करून येईपर्यंत! त्या रात्री तिनेच ठरवलं, म्हणाली, आता पुरे."

"पण तिची सासू वेगळंच सांगत होती. म्हणे, तिथे फी घेऊन पाल दाखवतात. आमच्या माजघरात फुकट दिसते!"

काकूंनी कोकमाच्या सोलांचं सूप गडग्यावर टेकवलं. म्हणजे आता लवकर आत जाणार नव्हत्या.

"दाखवतात, खोटं नाही ते. पण पहिल्या दिवशी पाल नाही, कागद. त्यावर भीतीची शिडी काढायची. कशाला किती घाबरतेस त्याला शंभरापैकी मार्क द्यायचे. 'पाल' हा शब्द लिहायला दहा मार्क. चित्राला वीस. रंगीत फोटोला पस्तीस, त्याला बोट लावायचं तर आणखी. मग मोबाईलवर हलणारी पाल, मग रबराची, मग खिडकीच्या काचेबाहेरची, आणि शेवटी आपण आहोत त्याच खोलीत भिंतीवरची. सगळ्यात वर काय लिहिलंय माहितीये? गणपतीत माहेरच्या कौलारू घरात रात्रभर झोपायचं."

"ही सगळी नवीन खुळं."

"शंभर वर्षं झाली खुळाला! माझी भाची पुण्याला कॉलेजात हाच विषय शिकवते, मे महिन्यात आली की दुसरं बोलत नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कात मेरी कव्हर जोन्स म्हणून बाई होती. तिच्याकडे पीटर नावाचा मुलगा, तीन वर्षांचासुद्धा पुरता नव्हता. सशाला घाबरायचा. ससाच काय, केसाळ कोट, पीस, कापूस, कशालाही. बाईंनी काय करावं? त्याला खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, तो रडणार नाही इतपत लांब. रोज थोडा जवळ. कधी सशाला न घाबरणारी दुसरी पोरं आणून बसवायची. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडायचा आणि हा बसून राहायचा."

"सरळसोट झालं का सगळं?"

"छे! मध्येच त्याला ताप येऊन दोन महिने दवाखान्यात. तिथून निघताना टॅक्सीत बसायच्या वेळी एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि झालं. जेवढं जिंकलं होतं तेवढं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. मला त्या गोष्टीतला हाच भाग पटतो बघ. ससा हळूहळू जवळ आला, पोर हसलं, एवढंच सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, भाची थापा मारते."

"पण काकू, एवढी शिडी कशाला? एकदम हातावर पाल ठेवायची. आमच्या अण्णांनी आम्हाला विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवलं."

"जी शिकली ती अभिमानाने सांगतात. जी परत काठालासुद्धा गेली नाहीत ती सांगत नाहीत. दिराने तिच्यावर तोच प्रयोग केला, ठाऊक आहे ना तुला? रबरी पाल टाकली मांडीवर. सगळं घर हसलं आणि त्या दिवसापासून ती दिराच्या हातचा पाण्याचा तांब्यासुद्धा घेईना. अग, मोठ्या पायरीवर एकदम नेण्याचीही पद्धत आहे या लोकांकडे, पण ती माणसाला आधी सगळं सांगून, त्याच्या 'हो'नंतर. स्वीडनचा लार्स-गोरान ओस्ट म्हणून आहे, त्याने १९८९ मध्ये मांडलं, की अशी एखाद्याच गोष्टीची भीती असेल तर एका बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, पायऱ्या चढवता येतात. पण पायऱ्याच! आणि आधी तो स्वतः पुढे होऊन दाखवणार."

"तीन तासांत? मग रत्नागिरीची बाई इतक्या फेऱ्या का मारायला लावते? फी सुटते म्हणून?"

"आलीस मूळ पदावर! विचारलं मी हे भाचीला. म्हणाली, ते शिकलेली माणसं सगळीकडे नसतात, आणि सगळ्यांना ते झेपतंच असं नाही. मला एवढंच कळतं, की शिडी हातात न देता वर्षभर नुसत्या गप्पा मारणारा असता, तर मी पण फीच म्हटलं असतं. आणि फी परवडत नसेल तर सरकारचा टेलि-मानसचा फोन आहे, १४४१४ नव्हे हं, १४४१६. २०२२ पासून. फुकट, आणि मराठीत बोलतात."

"बरं, पण पालीकडे बघून भीती जाते कशी? मी रोज सासूबाईंकडे बघते, माझी नाही गेली."

"गप ग, ऐकतील! तू बघतेस कुठे, तू बघून पळतेस. तिचं तेच व्हायचं. पाल दिसली की पळायचं, पळालं की बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यानेच भीती पोसली जाते. पळाले म्हणून वाचले असं मनाला वाटतं, आणि न पळता काय झालं असतं ते कधी कळतच नाही. म्हणून ती बाई आधी लिहायला लावते, काय होईल असं वाटतं? हिने लिहिलं, पाल उडी मारून केसांत शिरेल, मी बेशुद्ध पडेन. मग काचेबाहेरच्या पालीसमोर उभं राहायचं. छातीत धडधड, घाम, सगळं आलं. पण पाल आपली किडा बघत बसलेली, हिच्याकडे ढुंकूनही बघेना. मग कागदावर लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं."

"म्हणजे भीती गेली?"

"भाची म्हणते, जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव येऊन बसतो, आणि त्याला वारंवार बसवावं लागतं. तेही एकाच जागी नाही. दवाखान्यात जमलं म्हणजे माहेरच्या माजघरात जमेल असं नसतं. न्हाणीत, पडवीत, दिवसा, रात्री, सगळीकडे करायचं. आणि चोरवाटा बंद! ही पहिल्यांदा डोक्याला ओढणी गच्च गुंडाळून उभी राहिली. बाई म्हणाली, अशाने तुझं मन ओढणीला श्रेय देईल. दुसऱ्या वेळी ओढणी नाही."

"आणि नवरा?"

"त्याचीच खरी पंचाईत झालीय! पाली हाकलायची, 'नाही ग, ये' म्हणायची त्याला बंदी. बिचारा प्रेमानेच करत होता. पण पाहून सांगणारा घरात असला, की न पाहता आत जायला ती शिकणार कधी? सासूला हे पटत नाही. म्हणते, घरात असून बायकोच्या मदतीला जायचं नाही, असला कसला मेला उपचार. मला वाटतं, या उपचारात अर्धं औषध घरच्यांनी घ्यायचं असतं, आणि तेच कडू लागतं."

"मग आमच्या भाऊंना पण नेऊ का? माडावर चढतात, नांगरताना साप निघाला तरी हलत नाहीत. पण सुई बघितली की आडवे! लस घ्यायला गेले तेव्हा तिघांनी उचलून बाकावर ठेवले."

"आरोग्यकेंद्रात जन्म गेला माझा, असे किती बघितले! पण त्यांचं गणित उलटं हं. पालीला भिणाऱ्याचं ब्लडप्रेशर चढतं, ते सहसा चक्कर येऊन पडत नाहीत. रक्ताला, सुईला भिणाऱ्यांत पुष्कळांचं आधी चढतं आणि मग धाडकन खाली येतं, म्हणून पडतात. त्यांना 'अंग सैल सोड, लांब श्वास घे' सांगितलं तर लवकर पडतील! हे माझ्या नोकरीत आम्हाला कोणी शिकवलं नाही. त्या ओस्टनेच काढलेली युक्ती आहे. हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा तापल्यासारखा वाटेपर्यंत. मग नेहमीसारखं सोडायचं, थांबायचं, परत आवळायचं. असं पाचेक वेळा. हे हातात बसलं की मग सुईची शिडी. दंड मात्र सैल ठेवायचा, नाहीतर नर्स शिव्या घालते."

"भाऊ करतील? ते म्हणतात मी सुईला घाबरतच नाही, उन्हाचा त्रास होतो."

"डिसेंबरात?"

दोघी इतक्या हसल्या, की पडवीतून सासूबाईंचा खाकरा ऐकू आला.

"काकू, जाते मी. पण आता तिची कितवी पायरी?"

"खोलीतल्या पालीची. आणि तिथेच अडलंय. नवीन रंग दिल्यापासून त्यांच्या घरात पाली येईनाशा झाल्यात. काल संध्याकाळी आली माझ्याकडे, इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणते, 'काकू, तुमच्या न्हाणीत पाली असतात का हो?' म्हटलं, ये बाई, तीन तर कायमच्या भाडेकरू आहेत. आज दिवे लागल्यावर येतेय. तूही ये चहाला, पण ती आत उभी असताना 'भ्यायलीस का ग' म्हणून विचारायचं नाही!"