एजंटभाऊ, आधी बारा महिन्यांची बिले मागा

एजंटभाऊ,

तुमचे नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. वर्ध्याच्या रामनगरात तुम्ही फिरता, हिंगणघाटला फिरता, आर्वी-पुलगावच्या नव्या लेआउटांमध्येही फिरता. पारा पंचेचाळीसला टेकतो, घरोघरी कूलर सुरू होतात, बिलाचा आकडा फुगतो आणि नेमके तेव्हाच तुम्ही दारात उभे राहता. "काकाजी, दर बदलून घ्या, बिल अर्ध्यावर येते." काकाजींनी मान डोलावली की पुढचे वाक्य तयार असते : "आणि सोलर लावले तर बिल शून्य." काकाजी निवृत्त शिक्षक असोत की गिरणीतून सुटलेला कामगार, तुमचा कागद तोच, आकडे तेच आणि सहीची जागाही तीच. माझा राग तिथेच आहे.

पहिली थाप दर बदलून देण्याची. घरगुती विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि आपल्या जिल्ह्यात तो महावितरण वसूल करते. इथल्या घराला दुसरा पुरवठादार नाही. केंद्राच्या 2022 च्या हरित ऊर्जा नियमांनी बाहेरून वीज घ्यायची वाट थोडी रुंद केली, पण तीही 100 किलोवॅटपासून पुढच्या ग्राहकांसाठी. दोन-तीन किलोवॅट मंजूर भाराच्या घराला तुम्ही कोणता दर आणून देणार?

असा पर्याय खरोखर मिळाला तो मुंबईच्या उपनगरांना. 2009 मध्ये आयोगाने रिलायन्सच्या ग्राहकांना त्याच तारांवरून टाटा पॉवरची वीज घेण्याची मुभा दिली आणि लोक मोठ्या संख्येने तिकडे वळले. पण 2011 मध्ये अशा ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे पुरवठादार बदलल्याबद्दलचा जादा आकार, बसला आणि दोन दरांमधले अंतर घटले. मुंबईकरांनी त्यातून घेतलेला धडा आपल्यालाही लागू आहे : दराच्या एका आकड्यावर भुलायचे नाही, अख्खे बिल जोडून पाहायचे.

आता तुमच्या कागदातले एक खरे वाक्य घेऊ. जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. हे खरे आहे. पण ही सवलत तुम्ही मिळवून दिलेली नाही आणि हा मीटर बसवायचे पैसे ग्राहकाकडून घेतले जात नाहीत, हे महावितरणने जाहीर केले आहे. म्हणून ज्या दारात तुम्ही "मीटर बदलायचा खर्च" मागितला, तिथे तुम्ही सरळ फसवणूक केली.

आणि ही सवलत किती रुपयांची? मे महिन्यात 300 युनिट जाळणारे घर धरा. त्यातले 100 युनिट दिवसाच्या वेळेत गेले, तर सवलत 80 रुपये. त्यावरचे 16 टक्के वीज शुल्कही वाचते, म्हणजे सारे मिळून त्र्याण्णवच्या आसपास. त्या घराचे बिल तीन हजारांच्या पुढे असते. तीन हजारांत त्र्याण्णव रुपये म्हणजे अर्धे बिल, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

शिवाय वर्ध्याचे घर वीज वापरते कधी? नवरा-बायको दोघे नोकरीवर, मुले शाळेत, दुपारी दाराला कुलूप. खेड्यातल्या बाया सकाळीच निंदणाला नाहीतर कापूस वेचायला निघालेल्या. कूलर रात्रभर चालतो, दिवे आणि टीव्ही संध्याकाळी लागतात. यातला कूलर दुपारी लावून रात्रीची झोप येणार नाही. हलवता येते ते थोडेच : टाकी भरायची मोटार, कपड्यांचे मशीन, इस्त्री. फ्रिज दिवसरात्र चालतो, त्याच्या वापरातला 9 ते 5 चा वाटा सवलतीत आपोआप येतो. हलवण्याजोगे असेल ते जरूर हलवावे, शंभर रुपये वाचले तरी ते आपलेच. पण त्या शंभरासाठी तुमच्या कागदावर सही कशाला?

खरा पैसा कुठे आहे, ते तुम्ही सांगत नाही, कारण त्यात तुमचे कमिशन नाही. तो टप्प्यांत आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिले 100 युनिट स्वस्त असतात, 101 ते 300 च्या टप्प्यात वीज आकार दुपटीहून जास्त होतो आणि 300 च्या पुढे आणखी चढतो. त्यावर वहन आकार आणि मग साऱ्यावर वीज शुल्क. दुसऱ्या टप्प्यातला एक युनिट घराला बारा रुपयांच्या वर पडतो. तोच युनिट रात्रीऐवजी दुपारी वापरला तर वाचतात त्र्याण्णव पैसे. वापरलाच नाही तर बारा रुपये वाचतात. म्हणजे डझनभर युनिट इकडचे तिकडे करून जे साधते, ते एक युनिट कमी जाळून साधते. जुना पंखा काढून कमी वॅटचा लावणे, कूलरचे गच्च भरलेले पॅड बदलणे, फ्रिजच्या दाराचे ढिले रबर बदलणे, ही कामे तुमच्या कागदात नाहीत.

आता सोलर. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाली. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे आणि वर्ध्याच्या उन्हाला तोटा नाही. एक किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिट निघतात. महिन्याला 300 युनिट जाळणाऱ्या एकत्र कुटुंबाने 3 किलोवॅट बसवले तर त्यांचा महागड्या टप्प्यातला खर्च वाचतो. त्यांनी बसवावे, असेच मी सांगेन.

पण तुम्ही तेच 3 किलोवॅट महिन्याला 90 युनिट जाळणाऱ्या म्हातारा-म्हातारीच्या छतावर चढवता, कारण अनुदानाचा मोठा आकडा तिथे बोलतो. त्यांची वाचणारी वीज सगळ्यात स्वस्त टप्प्यातली. पॅनेल लावल्यावरही स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून "शून्य" हा शब्दच खोटा. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेले फार कमी दराने घेतले जातात. त्यांना वाचतात महिन्याला सहाशे-साडेसहाशे. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम कर्जाने उचलली, तर हप्ता या बचतीच्या वर जाऊ शकतो. एक किलोवॅटमध्ये ज्यांचे भागले असते, त्यांच्या गळ्यात तुम्ही तीन बांधले.

आपल्याच वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा राहिले. ते शिक्षणाने हिशेबतपासनीस. वर्ध्याला येण्याआधी त्यांनी गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. गावोगावच्या कुटुंबांचा जमाखर्च आधी आणि उपाय नंतर, अशी त्यांची शिस्त. जिथे हा माणूस राहिला, तिथे तुम्ही जमाखर्च न विचारता उपाय विकता, ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हा यापुढे दारात आलात, तर आधी मागच्या बारा महिन्यांची बिले मागा. कोणत्या महिन्यात किती युनिट, कोणत्या टप्प्यात, ते काकाजींसमोर बसून कागदावर मांडा. मग वर्षाला किती रुपये वाचतील, हप्ता किती आणि किती वर्षांनी पैसे फिटतील, ते स्वतःच्या लेटरहेडवर लिहून खाली सही करा. आतापर्यंत सह्या आम्हीच करत आलो. तुमची सही करायची तयारी नसेल, तर वर्ध्यातल्या एकाही घराची बेल वाजवू नका.

— वर्धा जिल्ह्यातील एक वीजग्राहक