आबाजीचं नाक

"आज पुन्हा आला होता तो बुढा माह्या घरी," काकू भिंतीवर कोपर टेकवत म्हणाल्या. हातात सूप, सुपात तुरीची डाळ. काकूंची डाळ निवडून होते तोवर अर्ध्या खापरखेड्याची खबर निवडून झालेली असते.

"कोण, आबाजी?"

"मंग कोन! म्हने, तुमची तोटी टपकून राहिली, रातभर आवाज येते. आता तोटी माही, पानी माहं, याची झोप काहून मोडते?"

"मग?"

"मंग काय, वायसर खिशात घेऊनच आला होता. बदलून देल्ला. चहा पेला, साखर कमी हाय म्हनाला अन् गेला."

आमच्या ओळीतला असा एक उंबरा नाही जिथे आबाजी वायसर घेऊन गेले नाहीत. नोकरी सारी इथल्या वीज केंद्रात, कोळशाच्या बेल्टवर गेली. 210 मेगावॅटचे चार संच आणि वरून 500 चा पाचवा, मिळून 1340, हा हिशोब ते नातवंडांना पाढ्यांसारखा म्हणायला लावतात. रिटायर होऊन जमाना झाला, पण बेल्टवर लक्ष ठेवायची सवय गेली नाही. आता बेल्टच्या जागी गल्ली. वारं कोळशाच्या रस्त्याकडून फिरलं की चौकातूनच ओरडतात, "पापड झाका वं!" कोणाचे पापड, कुठे वाळत घातलेत, सगळं पाठ.

"तुले सांगू, मले राग येते त्याचा," काकू म्हणाल्या. "माहं अन् सुनेचं जरा वाजलं, तं हा फाटकात उभा. म्हने, आवाज पार किराणा दुकानापर्यंत येते. अरे, येऊ दे ना! दुकानदार काही बोलला का?"

"पण राशनच्या वेळी त्यांनाच बोलावलं होतं ना तुम्ही?"

काकू थोडा वेळ डाळच निवडत राहिल्या.

राशन दुकानातल्या त्या मशीनवर काकूंचा अंगठा उठतच नव्हता. जन्मभर राखेनं भांडी घासली, रेषा राहतील कुठून? मागे रांग खोळंबली, पोरं हसायला लागली. आबाजी पुढे झाले. खांद्यावरचा दुपट्टा नळाखाली ओला केला, काकूंचा अंगठा पुसला, मग कोरड्या टोकानं घासून घासून गरम केला. तरी मशीन नाहीच म्हणे. "अंगठ्याचं सोडा," ते म्हणाले, "आधारले दाही बोटं देल्ली होती का नाही? मधलं लावा." मधलं लागलं. बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांदेखत म्हणाले, "हाताले रोज खोबरेल लावत जा, बुढी झाली तू." काकूंना राशन मिळाल्याचं कधीच विसरायला झालं, 'बुढी' अजून आठवते.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले निघतात, तेव्हा आबाजींच्या ओट्यावर बाजारच भरतो. सिल्लेवाड्याच्या, वलनीच्या खाणीत राबलेल्यांच्या विधवा कागदाच्या थैल्या घेऊन येतात. आबाजी चष्मा पुसून एकेक कागद वाचतात आणि वाचता वाचता कोणाच्या मुलाने पैसे उडवले तेही विचारून घेतात.

"हे विचारायचं काय काम?" काकूंचा सवाल.

काम आहे, असं मला वाटतं. ज्याला आपल्या घरातलं काही विचारायचं नसतं, तो वायसर घेऊनही येत नाही. आपल्याला वायसर हवा असतो, साखरेवरचं बोलणं नको असतं. तसा माणूस अजून खापरखेड्यात तरी राहायला आलेला नाही.

"परवा पेपर वाचून दाखवला त्यानं," काकूंनी विषय वळवला. "नागपूरच्या कलेक्टर ऑफिसात ते माला पापळकर लागली ना, तिचं होतं. जन्माची आंधळी. जळगावच्या स्टेशनावर कचऱ्यात टाकून देल्ली होती म्हने कोनीतरी. शिकली, एमपीएससी पास झाली. अन् बाप कोन, तं शंकरबाबा!"

परतवाड्याजवळच्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. गाडगेबाबांचे भक्त. टाकून दिलेल्या 123 दिव्यांग लेकरांना त्यांनी आपलं आडनाव दिलं. ऐंशी ओलांडल्यावर, 2024 साली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

"2020 च्या डिसेंबरात नागपूरले त्याईच्या एका पोरीचं लगन लागलं होतं, आठवते?" काकूंचं सूप आता भिंतीवर. "पोरगी मुकी-बहिरी, पोरगाही तसाच. अनिल देशमुख गृहमंत्री होते तवा, त्याईनं कन्यादान केलं. पोराचा बाप म्हनून कोन उभं होतं, तं कलेक्टर रवींद्र ठाकरे! इथं आपले सोयरे टॉवेल-टोपीसाठी रुसतात, अन् तिथं मंत्री व्याही, कलेक्टर व्याही!"

"आणि शंकरबाबांचं सरकारशीही चालूच असतं," मी म्हणाले. "अठरा वर्षं झाली की पोराला बालगृहातून बाहेर काढायचं, असा नियम. ते म्हणतात, अनाथ दिव्यांगांना जन्मभर राहू द्या, तसा कायदा करा. किती वर्षांपासून मागे लागलेत."

"बराबर हाय ना! अठरा भरले म्हनून आंधळ्याले दिसाले लागते का?" काकू तावातावाने म्हणाल्या. मग एकदम आवाज खाली. "पन पाय, हेही आबाजीसारखंच झालं. नाक खुपसायची सवय. यानं तोटीत खुपसलं, त्यानं कायद्यात."

"मग एकाला शिव्या काहून, अन् एकाचं कौतुक?"

"कारन तो वझ्झरले राहते, अन् हा माह्या भिंतीला लागून!"

मला हसू आवरेना. काकूही हसल्या. मग सूप उचलता उचलता, काही विशेष नाही अशा थाटात म्हणाल्या, "अन् हो, आबाजी गाडी ठरवून राहिले वझ्झरले जायले. बाया-बायांची वर्गणी मी जमा करून राहिली. तिखट-मिठाच्या पुऱ्या तुह्या नावावर लिहिल्या, शंभरेक."

"शंभर? मला विचारलं तरी का कोणी?"

"त्यानं म्हनलं होतं, विचारून घ्या आधी. मंग हे काय, विचारूनच तं राहिली!"