दुखणं गुडघ्याला, फोटो मेंदूचा

गुडघा दुखतो म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेलात आणि त्याने मेंदूचा एमआरआय लिहून दिला, तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणून हसू नका. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पेशंट खूश होईल की कुरकुरत राहील, हे आधीच मेंदूत डोकावून ओळखायचं संशोधन चालू आहे.

खुळेपणा नाही तो. कॅनडातल्या ऑन्टारिओत गुडघा बदलण्याच्या १,७०३ ऑपरेशनांचा हिशेब मांडला गेला. २०१० साली छापून आलं की १९ टक्के पेशंट नाखूश! वर्षानुवर्षं ठणकलं की मज्जासंस्थाच हळवी होते, मग सांधा कोरा करकरीत बसवला तरी भोंगा वाजतच राहतो. ऑक्सफर्डवाल्यांनी ऑपरेशनआधी मेंदूच्या देठाशी हीच खूण शोधली, २०१९ साली प्रसिद्धही केली. सोबत एक साधी प्रश्नावली होती : जळजळतं का, मुंग्या येतात का, हलका हात लागला तरी दुखतं का?

म्हणजे विचारलं की पेशंट सांगतो. पण तोंडी सांगितलेलं कुणाला पटतं? स्कॅनवर रंगीत ठिपके दिसले की पटतं. असेच ठिपके २००९ साली अमेरिकेत मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूतही चमकले होते. त्याला माणसांचे फोटो दाखवून त्यांच्या भावना ओळखायला सांगितलं होतं! संख्याशास्त्राची चाळणी ढिली ठेवली की काय होतं, हे दाखवायचा तो प्रयोग. त्याला २०१२ साली इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं बक्षीसही मिळालं.

ऑन्टारिओत नाराजीचं सगळ्यात मोठं कारण निघालं अपेक्षाभंग. आपल्याकडे सरकारने २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. अपेक्षांना मात्र कमाल किंमत नाही. जाहिरातीतले आजोबा थेट गड चढतात. ओपीडीत काकू विचारतात, “डॉक्टर, मांडी घालून बसता येईल ना? भाजी निवडायला खाली बसते मी.” डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणतात, “दुसऱ्या दिवशी चालायला लावतो, काळजीच नको.” काकूंनी विचारलं होतं बसायचं, उत्तर मिळालं चालायचं. इथेच १९ टक्क्यांत एकीची भर पडली, स्कॅन न काढता.

मेंदूचा स्कॅन उद्या पॅकेजात येईलही. काकूंचं म्हणणं ऐकून घ्यायचा चार्ज कुठल्या रकान्यात टाकायचा, ते मात्र बिलिंगवाल्यांना अजून सुचलेलं नाही.